चेहऱ्यावरचं पुरळ जाईना, स्किनचा डॉक्टर परवडेना: मेडिकलच्या काउंटरमागून सांगतो

मागच्या दिवाळीआधी एक मावशी दुकानात आल्या आणि त्यांनी काउंटरवर प्लास्टिकची पिशवी उपडी केली. अकरा ट्यूबा. काही शेपटीकडून गुंडाळत आणलेल्या, एकदोन तर ब्लेडने चिरून आतलं शेवटचं क्रीम बोटाने पुसून घेतलेलं. "ह्यातली कुठली चालू ठेवू, तेवढं सांगा," म्हणाल्या. गाल तांबडे, चकचकीत, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आतल्या बारीक शिरा दिसत होत्या. हनुवटीवर लव वाढलेली. मी चष्मा लावून एकेक ट्यूब उलटी करून वाचली. अकरापैकी आठांत स्टेरॉइड होतं, म्हणजे खाज आणि लाली लगेच दाबणारं औषध. त्या आठांतल्या दोन आमच्याच दुकानातून, माझ्याच हाताने गेलेल्या.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वीसेक वर्षं औषधं विकतोय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण गावात त्वचेचा डॉक्टर नाही, आणि शहरात जायचं तर फी, एसटी, वर बुडालेली मजुरी. म्हणून "चेहऱ्याला लावायला काहीतरी द्या" हे वाक्य मी रोज ऐकतो. त्या "काहीतरी"ने किती चेहरे बिघडतात ते त्या पिशवीनंतर मी मोजायला लागलो. पुढे लिहिलंय ते त्या क्रमाने करा. आधी एक मात्र बघून घ्या.

घरी थांबायचं नाही अशा गोष्टी

पुढचं काही असेल तर पैशांचा विचार नंतर. सरकारी दवाखाना गाठा, त्याच दिवशी:

- ओठ, जीभ किंवा डोळे एकदम सुजले, श्वास लागतोय. इथे तर लगेच निघा.
- नवीन गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुरळ आलं, सोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल. फिटच्या, युरिक अॅसिडच्या आणि सल्फाच्या गोळ्यांनी हे होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं.
- चेहऱ्याच्या एकाच बाजूला आग होऊन पाण्याचे फोड आलेत, कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर. ही नागीण असते, आणि ती डोळ्यात उतरू शकते. बांगडीवाल्याकडे किंवा मांत्रिकाकडे "उतरवायला" जाऊ नका. पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर फरक पडतो.
- गाल तापलेला, दुखरा, लाली तासातासाने पसरतेय आणि थंडी वाजतेय.

दुसऱ्या काही गोष्टी आजच्या आज नाहीत, पण आठवड्याभरात दाखवायलाच हव्यात. दोन्ही गाल आणि नाकावर लाली आणि सोबत सांधेदुखी, केस गळणं, तोंडात व्रण असतील तर रक्त तपासावं लागतं. महिना-दीड महिना न भरणारी जखम किंवा वाढत जाणारी गाठ असेल तर ती दाखवा. फिकट किंवा तांबूस चट्टा, कानाची पाळी जाड होणं, भुवयांचे बाहेरच्या टोकाचे केस जाणं, ही कुष्ठरोगाची चिन्हं असू शकतात. अंगावरच्या चट्ट्यात संवेदना जाते, पण चेहऱ्याला नसांचं जाळं दाट असल्यामुळे तिथे बधिरपणा पटकन कळत नाही. "मला तर टोचलेलं कळतंय" म्हणून निश्चिंत राहू नका. त्याचं औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांत माणूस बरा होतो.

पिशवी उपडी करा

घरातल्या सगळ्या ट्यूबा, डब्या, पुड्या एका ताटात काढा. शेजारणीने दिलेली, पार्लरमधली, मुलाच्या नायट्याची, सगळी. त्यात स्टेरॉइड आहे का, एवढंच शोधायचंय.

मोठ्या अक्षरातल्या नावावर जाऊ नका, ते कंपनीचं नाव. मागे बारीक इंग्रजीत घटक लिहिलेले असतात. फोनने फोटो काढून मोठा करून वाचा, किंवा शाळेतल्या पोरीला वाचायला लावा. ओळखायची खूण अशी: नावाच्या शेवटी "सोन", "सॉल", "लोन" किंवा "नाइड" आलं की बहुधा स्टेरॉइड. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन, डेसोनाइड. शेवटी "झोल" आलं तर बहुधा बुरशीचं औषध: क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, किटोकोनाझोल. सॉल आणि झोल ह्यांत एका अक्षराचा फरक आहे, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

खरी पंचाईत मिक्स ट्यूबांची. एकाच ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल, वर बुरशीचं औषध, वर अँटिबायोटिक. नावापुढे "जीएम" असेल तर बहुतेक वेळा जेंटामायसिन आणि मायकोनाझोल, आणि त्यांच्या जोडीला स्टेरॉइड असतंच. "गोरं करणाऱ्या" ट्यूबांमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं त्रिकूट असतं. ते वांगावर मोजके आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचं औषध आहे. आमच्याकडे ते फेअरनेस क्रीमसारखं वर्षानुवर्षं लावतात.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. कागदावर. मेडिकलवाला न विचारता काढून देतो, कारण गिऱ्हाईक दोन दिवसांत खूश होऊन परत येतं. स्टेरॉइड खाज आणि लाली लगेच दाबतं, मग कारण बुरशी असो की अॅलर्जी. बुरशी मात्र खाली निवांत पसरते, तिची गोल कड मोडते, आणि पुढे डॉक्टरलाही ओळखू येत नाही.

बिनलेबलच्या डब्या, गल्फमधून आलेल्या गोऱ्या क्रीम, पार्लरने घरी कालवलेल्या क्रीम ताटातून सरळ बाजूला काढा. त्यांत पारा असू शकतो. पाऱ्याच्या क्रीमने मूत्रपिंडं बिघडल्याच्या घटना २०२३ मध्ये केरळात मलप्पुरम भागात पुढे आल्या. अशी क्रीम लावणाऱ्याच्या लघवीला फेस येत असेल, पाय सुजत असतील, तर लघवीची तपासणी करून घ्या.

क्रीम सोडल्यावर चेहरा आधी बिघडतो

आठ-दहा दिवसच लावली असेल तर बंद करा, विषय संपला. पण महिने-वर्षं रोज लावली असेल तर सोडल्यावर पंधरवड्याच्या आत चेहरा पूर्वीपेक्षा लाल होतो, आग होते, पुटकुळ्या येतात, चुलीसमोर उभं राहवत नाही. मग माणूस म्हणतो, "बघा, ती ट्यूबच चांगली होती," आणि पुन्हा लावतो. ही ट्यूबची सवय बोलते. ही आग काही आठवड्यांत उतरायला लागते, चेहरा पूर्ण निवळायला मात्र महिने जातात.

क्लोबेटासॉलसारखं कडक स्टेरॉइड बरेच महिने लावलेलं असेल तर एकदम सोडण्याआधी डॉक्टरला विचारा, फोनवरून का होईना. काही जणांना ते सौम्य ट्यूबवर आणून हळूहळू सोडवतात. आणि खाजेसाठी कुणी पांढऱ्या बारीक गोळ्या बराच काळ दिल्या असतील तर त्या पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडच्या असू शकतात. त्या स्वतःच्या मनाने अचानक बंद करायच्या नाहीत, त्याने शरीर कोसळू शकतं. "एक इंजेक्शन मारतो, जाईल" म्हणणाऱ्याला मात्र इंजेक्शनचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा. बहुतेक वेळा तो लिहीत नाही, आणि तुम्हाला काय ते समजतं.

आग होते तेव्हा स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून पाच-दहा मिनिटं ठेवा. बर्फ नको.

पंधरा दिवस काहीच नाही

हा भाग लोकांना सगळ्यात जड जातो. पंधरा दिवस चेहऱ्याला फक्त पाणी, साधा मॉइश्चरायझर आणि सावली.

दिवसातून दोनदा साध्या पाण्याने धुवा. साबण लावायचाच तर बिनवासाचा, एकदाच, फेस हातावर करून. गमछाने घासू नका, टिपून घ्या. चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. पांढरं पेट्रोलियम जेली, ज्याला आपण सगळे व्हॅसलिन म्हणतो, ते स्वस्त आहे आणि त्यात चुरचुरणारं फारसं काही नसतं. मात्र बिनवासाचं घ्या, कोकोबटर-गुलाब घातलेलं नको. चेहरा मुळात तेलकट असेल, पुटकुळ्या असतील, तर जेलीऐवजी हलकं बिनवासाचं लोशन.

लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, मुलतानी माती, लसणाचा रस हे सगळं बंद. लसणाने भाजलेले गाल मी पाहिलेत, अगदी पाकळीच्या आकाराचा डाग. हळद-बेसनाने कुणाचं नुकसान होत नसेलही, पण ह्या पंधरा दिवसांत तेही नको, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

सनस्क्रीन महाग पडतं, आणि दोन बोटांच्या लांबीएवढं लावलं नाही तर उपयोगाचं नाही. शेतात जाणाऱ्या बाईला मी रुंद काठाची टोपी किंवा पदर आणि स्कार्फ सांगतो. ते महिनाअखेरीला संपत नाहीत.

ह्या दिवसांत एक वही करा. रोज सकाळी एकाच खिडकीत, एकाच उजेडात, फिल्टर बंद करून तीन फोटो: समोरून, डावीकडून, उजवीकडून. वहीत त्या दिवशी काय लावलं, काय नवीन वापरलं, कुठे गेलो. खाज किती, दहापैकी. खाण्याची यादी लिहायची गरज नाही. वांगी आणि शेंगदाणे बंद करून चेहरा बरा झालेला माझ्या बघण्यात नाही.

पुरळ कुठे आहे, ते बघा

नाकाच्या कडेच्या घड्या, भुवया, कानामागे, केसांची कड: तिथे लाली आणि तेलकट पिवळसर कोंडा, सोबत डोक्यात कोंडा. हा सेबोरिक डर्मटायटिस. त्वचेवर राहणारी, तेलावर जगणारी बुरशी ह्याला चिथावते, म्हणून भुवयांना आणि चेहऱ्याला खोबरेल लावलं तर वाढतो.

गोल चट्टा, कड उठलेली आणि मध्ये निवळलेलं, एकाच गालावर, खाज: नायटा समजा. मग कंबर, जांघ, काख बघा, आणि घरात आणखी कुणाला आहे का विचारा.

केसांची कड, कानाच्या पाळ्या, मान, पापण्या: केसांचा रंग. दहा रुपयांच्या काळ्या मेंदीच्या पुडीत पीपीडी नावाचं रसायन असतं. खरी मेंदी केस काळे करत नाही, नारिंगी करते. "मी तर वर्षानुवर्षं लावतोय" हे कारण टिकत नाही, अॅलर्जी दहा वर्षांनीही सुरू होते. पुरुषांत मिशांचा रंग हे कारण सहसा कुणी सांगतच नाही.

कपाळाच्या मध्यभागी पांढरा किंवा काळसर डाग: टिकलीचा गोंद किंवा कुंकू. कपाळभर लाली असेल तर डोकेदुखीचा बाम. फक्त पापण्यांना पुरळ असेल तर नखं बघा. नेलपॉलिश बोटाला काही करत नाही, पण बोट डोळ्याला लागतं.

लहान मुलांच्या गालांवर फिकट, पुसट, थोडे कोरडे चट्टे: ह्याला आमच्याकडे कॅल्शियमची कमतरता किंवा जंत म्हणतात. दोन्ही नाही. मॉइश्चरायझर लावा, ऊन टाळा. काही महिन्यांत जातात. कॅल्शियमची बाटली विकायला मला फायदाच होतो, तरी सांगतोय.

आणि शेतकऱ्यासाठी खास: पापण्या, मानेचा पुढचा त्रिकोण, कानामागे, कोपरांच्या आत, सगळीकडे जाड, काळपट, खाजरी त्वचा. पावसाळ्यात गवत वाढलं की चढते, माणूस पंधरा दिवस मुंबईला लेकाकडे गेला की उतरते. हे गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, चटक चांदणी. १९५५ च्या सुमारास ते पहिल्यांदा पुण्यात नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं. ह्या पुरळाला लोक उन्हाची अॅलर्जी समजतात. फरक असा की ऊन हनुवटीखाली, कानामागे, मिटलेल्या पापणीच्या घडीत पोचत नाही. वाळलेल्या गवताचे कण आणि परागकण हवेतून तिथेही पोचतात. ज्याला पुरळ आहे त्याने ते उपटायला जाऊ नये, घरातल्या दुसऱ्याने फुलावर यायच्या आधी, हातमोजे घालून उपटावं. जाळू नका. शेतातून आल्यावर आधी आंघोळ, कपडे वेगळे, अंगणात झोपणं बंद, कपडे बांधावर वाळत घालू नका. जुनाट झालं असेल तर ह्यावर पोटातल्या गोळ्या असतात, त्या रक्त तपासत राहून घ्यायच्या असतात.

घरी करून बघण्यासारखं, मोजकंच

सेबोरिकची खूण स्पष्ट असेल तर किटोकोनाझोल २ टक्के शाम्पू. आठवड्यातून दोनदा डोक्याला, आणि तोच फेस भुवया, नाकाची कड ह्यांना लावून तीन ते पाच मिनिटांनी धुवा. डोळ्यात जाऊ देऊ नका. चार आठवडे. हा आजार पूर्ण जात नाही, ताब्यात राहतो. पुढे पंधरा दिवसांनी एकदा शाम्पू चालू ठेवला तर बरंच भागतं.

नायट्यासारखं असेल तर साधं, एकट्या क्लोट्रिमाझोलचं क्रीम, दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं रुंद. चट्टा दिसेनासा झाला तरी आणखी दोन आठवडे. टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात आणि कडक उन्हात. चार आठवड्यांत उतरलं नाही तर पुढची ट्यूब विकत घेऊ नका. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे अशी बुरशी पसरली आहे की बुरशीवरच्या टर्बिनाफिनच्या गोळ्यांनाही ती दाद देत नाही. तिथे त्वचा खरवडून तपासणी आणि बरोबर गोळी लागते.

अॅलर्जीचा संशय असेल तर ती वस्तू चार आठवडे पूर्ण बंद. परत वापरायची किंवा नवीन क्रीम घ्यायची तर आधी कोपराच्या आत, रुपयाएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, सात दिवस लावून बघा. लाल झालं तर चेहऱ्याला नाही. केसांच्या रंगाची परीक्षा मात्र अशी करू नका, पुरळ येऊन गेलं असेल तर तो रंग कायमचा बंद.

खाजेने झोप लागत नसेल तर रात्री सेट्रिझिन. झोप येते, सकाळी ट्रॅक्टर चालवणाऱ्याने जपून. एक्झिमाच्या, म्हणजे इसबाच्या, खाजेवर तिचा फारसा उपयोग नसतो, हेही खरं. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि दोन वर्षांखालचं मूल ह्यांच्यासाठी ह्या परिच्छेदांतलं काहीच विचारल्याशिवाय नको.

स्वस्तात डॉक्टर गाठायचा

पंधरा दिवस साधं आणि चार आठवडे वरचा एक उपाय, एवढ्यात फरक नाही तर दाखवायचंच. सुरुवात गावातल्या आरोग्य उपकेंद्रापासून करा. पाटीवर आता "आयुष्मान आरोग्य मंदिर" लिहिलेलं असतं. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनी ह्या सरकारी अॅपवरून डॉक्टरशी व्हिडिओवर बोलणं करून देतात. तेच अॅप स्वतःच्या फोनवर घेता येतं, फुकट, चिठ्ठी फोनवरच येते. चेहऱ्याचे खिडकीतले फोटो इथे कामाला येतात, कारण व्हिडिओत लाली दिसत नाही.

प्रत्यक्ष दाखवायचं तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं ह्यात येत नाहीत, पण तिथलाही केसपेपर खाजगीच्या मानाने नगण्य असतो, आणि त्वचेचे तज्ज्ञ, खरवड तपासणी, पॅच टेस्ट (अॅलर्जी कशाची ते शोधणारी तपासणी) हे तिथे असतं. पुण्यात ससून, मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, नागपुरात मेडिकल आणि मेयो, संभाजीनगरला घाटी, कोल्हापूरला सीपीआर, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ. पाटीवर "त्वचा व गुप्तरोग" लिहिलेलं असतं. ती पाटी वाचून दारातून परत फिरलेल्या बायका मला माहीत आहेत. दोन्ही एकाच विभागात बघतात, एवढंच. बायकांना एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धं आहे.

तिथे डॉक्टरला तुमच्यासाठी दोन-तीन मिनिटं असतात. जाण्याआधी चेहऱ्याला दोन दिवस काही लावू नका, पावडरही नाही. नायट्याचा संशय असेल तर क्लोट्रिमाझोल आठवडाभर आधी बंद ठेवा, नाहीतर खरवडीत काही सापडत नाही. सगळ्या ट्यूबा पिशवीतून न्या, रिकाम्याही. आणि पहिलं वाक्य हे बोला: "साहेब, ही क्रीम मी इतके महिने लावलीय." लपवू नका. त्या मावशी आधी दोन डॉक्टरांना दाखवून आल्या होत्या, दोघांनाही ट्यूबांचं सांगितलं नव्हतं. ओरडतील म्हणून.

निघताना चार गोष्टी विचारून केसपेपरवर लिहून घ्या: आजाराचं नाव काय, ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे का आणि ते किती दिवस लावायचं, किती लावायचं, परत कधी यायचं. औषधाचं मूळ नाव लिहून द्या म्हणा, मग जनऔषधी केंद्रात तेच निम्म्याहून कमी पैशांत मिळू शकतं. दुकानदाराने "ह्याच्यासारखीच दुसरी देतो" म्हटलं, मी म्हटलं तरी, ट्यूबमागची बारीक अक्षरं चिठ्ठीशी एकेक शब्द लावून बघा.

मावशींची पुढची तारीख मंगळवारची होती. त्या सोमवारीच निघाल्या, कारण आठवड्यातून दोनच दिवस ओपीडी असते आणि साडेआठला केसपेपरची रांग लागते. तुमच्याकडे कुठले वार आहेत ते आधी फोन करून विचारा.